बँड गेला कुठे?

खारघरच्या एका प्रयोगशाळेत मी प्रकल्प सहाय्यक होते. जुलैचा महिना, हार्बर लाइन रखडलेली, पोचले तेव्हा ओढणी पिळावी लागली. तरी पेशींची डिश वेळेत चेंबरमध्ये ठेवली. आत ऑक्सिजन १ टक्का. आपल्या हवेत २१ असतो. इतका कमी पडला की पेशींत एचआयएफ-१ अल्फा हे प्रथिन साठतं आणि लाल रक्तपेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनसारखी जनुकं चालू करतं. ते साठलेलं मला ब्लॉटवर दाखवायचं होतं : या चाचणीत प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी होतात, हवं ते अँटीबॉडीनं हेरलं की फिल्मवर पट्टा उमटतो, तोच बँड.

दुसऱ्या दिवशी फिल्म धुतली. चेंबरमधल्या पेशींच्या रांगेत, म्हणजे लेनमध्ये, १२० किलोडाल्टन या त्याच्या वजनाच्या जागी काहीच नाही! सिलिंडर संपला म्हणावं, तर मीटर १ टक्काच दाखवत होता. अँटीबॉडी बिघडली म्हणावी, तर तुलनेसाठी हवेतच ठेवलेल्या कोबाल्ट क्लोराइडच्या डिशचा (त्यानं हे प्रथिन हवेतही टिकतं) बँड चांगला जाडजूड.

मॅडमनी फिल्म उजेडात धरली. "डिश बाहेर काढल्यावर काय काय केलंस? सगळं सांग."

काय सांगणार? बर्फाचं मशीन पॅसेजच्या पार टोकाला, तिथे माझ्यापुढे दोघं. परत येऊन पेशी धुतल्या, त्याही टेबलावर पडलेल्या बफरनं. दहा मिनिटं तरी गेलीच.

"अगं, मग उरेल काय?"

हे प्रथिन पेशी सतत बनवतच असतात. ऑक्सिजन असला की एक एन्झाइम तोच वापरून त्यातल्या प्रोलीनवर खूण करतं, व्हीएचएल नावाचं दुसरं प्रथिन ती खूण ओळखतं आणि प्रथिन तोडायला रवाना होतं. पाच मिनिटांत निम्म्याहून जास्त खलास. ऑक्सिजन नाही तर खूण नाही, म्हणून ते साठतं. त्या एन्झाइमला लोहही लागतं. कोबाल्ट तिथेच खोडा घालतं, म्हणून ती गुलाबी पाण्याची डिश हवेतही तगली. केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. हे सगळं मला तोंडपाठ होतं हो, परीक्षेत आकृतीसकट लिहिलेलं!

पुढच्या खेपेला बर्फाचा डबा आधीच चेंबरशेजारी. डिश बाहेर, पेशींवरचं माध्यम ओतून टाकलं, धुणंबिणं नाही, पेशी फोडणारं गार लायसिस बफर थेट पेशींवर. मैत्रिणीनं मोबाइलवर मोजलं : १८ सेकंद.

बँड आला. चेंबरच्या दारावर मी मार्करनं लिहिलं : 'आधी बर्फ आण.' खाली कुणीतरी 'आणि चहा' जोडलंय.