पोपड्याची मागची बाजू

आईच्या खोलीतली एक भिंत मी तीनदा रंगवली. दर वेळी वर्षाच्या आत त्याच जागी पोपडे सुटायचे, गुडघ्याच्या उंचीवर. आधी मी रंगाला दोष दिला, मग पुट्टीला, मग स्वतःच्या हाताला. तिसऱ्या खेपेला गळून पडलेला एक पोपडा उचलला आणि सहज उलटा करून पाहिला. मागे पांढरी भुकटी आणि वाळूचे कण चिकटलेले होते. म्हणजे रंगाने पुट्टीला घट्ट धरलं होतं, सुटला होता तो खालचा गिलावा.

तेव्हापासून कुणीही भिंतीची तक्रार सांगितली की मी आधी पोपड्याची मागची बाजू विचारते. मागे गिलावा आला तर दोष खोलवर, बहुतेकदा ओलीचा. मागची बाजू स्वच्छ, गुळगुळीत असेल आणि भिंतीवर जुना रंग शाबूत असेल, तर नवा रंग जुन्यावर बसलाच नाही. खाली धूळ राहिली असेल किंवा चकचकीत ऑइल पेंट न घासता त्यावर इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळायचा रंग, मारलं असेल. जुना रंग कुठला हे कळत नसेल तर सर्जिकल स्पिरिटमध्ये (टर्पेंटाइनमध्ये नव्हे) भिजवलेला कापूस घासून बघा. रंग कापसावर आला तर तो पाण्यात मिसळायचा रंग, नाही आला तर बहुधा ऑइल पेंट. त्याला पॉलिश पेपरने खरखरीत करून प्रायमर, म्हणजे रंगाला पकड देणारा आधीचा थर, दिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

फुग्यांचंही असंच. एक फुगा ब्लेडने कापायचा. आत जुना रंग दिसला तर रंगाचा हात मारताना भिंत तापलेली असावी, गिलावा दिसला तर पाणी आतून येतंय.

आमच्या भिंतीत ओल होती, पण ती कुठून येत होती? स्वयंपाकघरातल्या फॉइलचा हातभर तुकडा भिंतीवर लावला, चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या आणि दोन दिवस तसाच ठेवला. काढला तर भिंतीकडची बाजू थेंबांनी भरलेली, खोलीकडची कोरडी. (उलट झालं असतं तर खोलीतलीच वाफ गार भिंतीवर जमतेय, आणि इलाज खिडकी उघडी ठेवण्याचा.) भिंतीपलीकडे न्हाणीघर आहे. तिथे फरशी आणि भिंतीच्या सांध्यातलं भरण निघालं होतं. रोजचं पाणी तिथून मुरत होतं, गिलाव्यातले क्षार विरघळवून बाहेर आणत होतं आणि रंगाला मागून ढकलत होतं.

सांधा खरवडून नीट भरून घेतला. मग थांबले, आणि हेच सगळ्यात अवघड गेलं. ओल्या भिंतीवर आतून वॉटरप्रूफ रंगाचा थर द्यायचा सल्ला मला दोघांनी दिला होता. तो ऐकला नाही याचा आनंद आहे, कारण कोंडलेलं पाणी वर चढून दुसरीकडे फुटतं. भिंतीवर फुटलेला खार, म्हणजे क्षारांची ती पांढरी भुकटी, कोरड्या ब्रशने झाडला. पाण्याने धुतला तर तो विरघळून परत आत जातो.

कोपऱ्यातले काळे डाग वेगळे निघाले. एक भाग ब्लीच, तीन भाग पाणी, त्याचा थेंब लावला आणि दोन मिनिटांत डाग फिका पडला, म्हणजे बुरशी. मळ असता तर तसाच राहिला असता. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि ब्लीचमध्ये ॲसिड किंवा अमोनियावालं काहीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

आणखी एक, कळकळीने सांगते. घर जुनं असेल तर खालच्या थरांत शिसं असू शकतं. तपासून घेतल्याशिवाय कोरडं घासू नका, मशीन तर नकोच. लहान मुलं आणि गरोदर बाई त्या खोलीत नकोत.

आता वरची भिंत कोरडी झाली आहे, प्रायमर आणि दोन हात झाले. खालची वीतभर पट्टी मात्र अजून फॉइल ओलं करते. ती तशीच उघडी ठेवली आहे. आई रोज तिथे तळहात टेकवून बघते आणि मला सांगते, आज कालच्यापेक्षा बरी आहे.