भिंतीकडे तोंड केलेली दानपेटी

जखमी आणि भटक्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या एका संस्थेत मी हिशेबनीस आहे, आणि दुकानांतल्या दानपेट्या उघडण्याचे काम माझ्याकडे असते. दुकानदारासमोर सील तोडायचे, तिथेच मोजणी करायची, नोंदीवर दोघांच्या सह्या घ्यायच्या आणि नवे सील लावायचे; सार्वजनिक न्यासाचा पैसा असल्याने यात हयगय चालत नाही.

जुन्या पत्र्याच्या पेट्यांची फट नाण्यापुरतीच असे. दहा आणि वीस रुपयांच्या नाण्यांचा व्यास २७ मिलिमीटर, तर दहाची नोट ६३ मिलिमीटर रुंद. ती घडी घालून कोंबली की मध्येच अडके, आणि मागच्या गिऱ्हाइकाचे नाणेही त्याच्या हातातच राही. म्हणून ॲक्रिलिकच्या नव्या पेट्यांना मी ७५ मिलिमीटरची फट ठेवायला लावली आणि तारेने नोट ओढून काढता येऊ नये यासाठी आतून उतरती पट्टी बसवून घेतली. विश्वस्तांनी दीड तास अक्षरांच्या रंगावर चर्चा केली. फटीविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. दर्शनी बाजूला मागचा पाय चिरडलेल्या एका कुत्रीचे छायाचित्र होते, तेही मीच निवडलेले.

गेल्या महिन्यात एका मिठाईच्या दुकानात ही पेटी भिंतीकडे तोंड करून ठेवलेली दिसली आणि मी चिडलो. मालक शांतपणे म्हणाले, “साहेब, लोक इथे पेढे न्यायला येतात. तो फोटो बघून पोरं रडायला लागतात.” मी काही न बोलता सील तोडले. आत निघालेली रक्कम त्या फेरीतल्या इतर कोणत्याही पेटीपेक्षा जास्त होती, आणि बहुतेक नोटाच होत्या.

पेटीची मागची बाजू पारदर्शक असून कुलूप आणि सीलही तिकडेच असते. म्हणजे गिऱ्हाइकांना इतके दिवस जखम दिसत नव्हती, साठलेल्या नोटा आणि शाबूत सील दिसत होते. त्यातच मालकांनी संकोचत सांगितले की, रोज भवानी झाली की पहिली दहाची नोट तेच टाकतात. त्यांच्या नोटा वजा करून मी पुन्हा हिशेब केला, तरीही पेटी पहिलीच राहिली.

छायाचित्रातली कुत्री आता आमच्या आवारात तीन पायांवर धावते. तिचे आजचे छायाचित्र लावावे असे मी सुचवले, तेव्हा सुदृढ प्राण्यासाठी पैसे कोण देईल, असा प्रश्न विश्वस्तांनी केला, आणि मला उत्तर देता आले नाही. त्या दिवशीच्या नोंदीतला शेऱ्याचा रकाना अजून कोरा आहे. पेटी मात्र मी होती तशीच, भिंतीकडे तोंड करून, ठेवून आलो.