करडा रंग करडाच यावा म्हणून

प्रिंटरच्या नोझल चेकमध्ये, म्हणजे शाई सोडणारी बारीक छिद्रं चोंदलीत का हे दाखवणाऱ्या चाचणीत, एकही रेघ तुटलेली नसताना ‘हेड क्लिनिंग मारा’ (शाई सोडून छपाईचं हेड साफ करा) असं सांगणाऱ्या माणसाचा राग मला अजून येतो.

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदरावर काढलेले माझे कृष्णधवल फोटो मला घरीच छापायचे होते. घरात सहा शायांचा टाकीवाला प्रिंटर होता. लग्न-बारशाचे रंगीत फोटो त्यावर झकास निघतात. फोटो निवडणं, कॉन्ट्रास्ट बसवणं भराभर उरकलं. अडलं ते छपाईत. जाळं ओढणाऱ्या खलाशांचा फोटो पडवीतल्या उजेडात धरला की हिरवट दिसायचा आणि आत पिवळ्या बल्बखाली नेला की तोच गुलाबी. करडा असा तो कुठेच दिसेना.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. ‘हेड क्लिनिंग करा.’ केलं. टाकीतली शाई खाली उतरली, फोटो होता तसाच. परत फोन. ‘कोकणात पावसाळ्यात हेड चोंदायचंच, साहेब.’ अहो, उलट आहे! दमट हवेत नोझलमधली शाई सहसा वाळत नाही. हेड चोंदतं ते कोरड्या हवेत, एसीच्या झोतात किंवा मशीन बरेच दिवस बंद राहिलं की. नोझल चेकचा कागद मी फोटो काढून पाठवला, सगळ्या रेघा सलग. तरी उत्तर तेच, वर ‘डीप क्लिनिंग करून बघा’. त्यात तर आणखी शाई वाया जाते. मग म्हणे आयसीसी प्रोफाइल, म्हणजे कागदावर रंग कसे उतरावेत हे सांगणारी फाइल, बदला. कागदाचं बरोबर प्रोफाइल लावलं, झाक थोडी कमी झाली. पण एका उजेडात जमलं की दुसऱ्या उजेडात बिघडायचं.

शेवटी मी छटांची पट्टी छापली. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत २१ चौकोन, प्रत्येकात ५ टक्क्यांचा फरक. फिकट करड्या चौकोनावर भिंग धरलं आणि सगळं समोर आलं. त्या चौकोनात काळ्या शाईचा ठिपका औषधालाही नव्हता. नुसते निळे, गुलाबी, पिवळे ठिपके शेजारी शेजारी. काळी शाई खालच्या गडद चौकोनांत कुठे दिसायला लागली. तीन रंग मिळून केलेला करडा उजेड बदलला की कुठल्या तरी एका रंगाकडे झुकणारच. यात हेडचा काय दोष? या मशीनमध्ये करडी शाईच नाही, एवढं एक वाक्य पहिल्याच फोनवर कोणी सांगितलं असतं तर माझी शाई आणि कागद वाचले असते.

फक्त काळी शाई वापरूनही छापून पाहिलं. झाक गेली, पण मळभ आलेलं आकाश वाळू उधळल्यासारखं रवाळ आलं.

मग के-३ शाईचा जुना एपसन मिळवला. हा शाईसंच २००५ साली आला. त्यात काळ्याबरोबर दोन फिकट काळ्या, म्हणजे करड्याच, शाया असतात आणि शाई पिगमेंटची, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेली. ड्रायव्हरमधल्या (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या) ‘अ‍ॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट’ या पर्यायात छपाई मुख्यतः या काळ्यांवर होते, रंग नावापुरते. फोटोशॉपमध्ये मात्र रंगाचा कारभार प्रिंटरकडे सोपवा, नाहीतर दोघेही आपापली दुरुस्ती करत बसतात. आणि टोन ‘डार्कर’वर असेल तर सावल्या बुजतात, तो आधी बघा.

पुढे मी क्वाडटोनरिप घेतलं. रॉय हॅरिंग्टन यांचं हे सॉफ्टवेअर मला ५० डॉलरला पडलं. शेअरवेअर असल्याने आधी वापरून बघता येतं. कंपनीचा ड्रायव्हर बाजूला ठेवून कुठली शाई किती पडावी हे ते स्वतः ठरवतं आणि प्रत्येक कागदासाठी वेगळा कर्व्ह, म्हणजे कुठल्या छटेला किती शाई याचा आलेख, करता येतो. विंडोजवर फोटोची फाइल टिफ प्रकारातली लागते. ते दिसायला ओबडधोबड आहे, पण सावलीतल्या दोरखंडाचा पीळ मला पहिल्यांदा दिसला तो त्याच्याच प्रिंटमध्ये. तेव्हा झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही.

रंगीत शाया काढून सगळ्या काळ्याच्याच छटा भरायचा पिएझोग्राफीचाही मार्ग आहे. जॉन कोन यांचा तो संच नावाजलेला आहे. पण मग त्या मशीनवर रंगीत छपाई बंद, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही. शिवाय निव्वळ कार्बनची शाई मुळात किंचित तपकिरी असते. जुन्या वाड्यांच्या फोटोंना ती शोभेल, समुद्राला मला नको होती.

हो, कागदाचं राहिलंच. काळी शाई दोन प्रकारची असते: सुती मॅट (बिनचकाकीच्या) कागदाला मॅट ब्लॅक, चकचकीत कागदाला फोटो ब्लॅक. मॅटवर फोटो ब्लॅक मारलात तर काळा धुरकट येतो. आणि आपल्याकडचा पावसाळा हेडपेक्षा कागदाला जास्त छळतो. कडा वळतात, हेड त्यांना घासतं आणि काळा ओरखडा उठतो. पाकीट सिलिका जेल घालून हवाबंद ठेवा, एका वेळी एकच कागद बाहेर काढा. प्रिंट निघाल्या निघाल्या फ्रेम करू नका. मी निदान २४ तास ती मोकळी ठेवतो, पावसात त्याहून जास्त, नाहीतर काचेला आतून धुकट थर धरतो.