मोजणी किती अचूक हवी?

जगभरातील भूमापकांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, म्हणजे फिग, १८७८ साली पॅरिसमध्ये सात युरोपीय देशांतील संघटनांनी स्थापन केला. त्याची महापरिषद दर चार वर्षांनी भरते. २०१८ मध्ये ती इस्तंबूलला आणि २०२२ मध्ये वॉर्सा येथे झाली. सागरतळाच्या मापनापासून मालमत्तेच्या मूल्यांकनापर्यंत अनेक विषय तेथे असतात, परंतु शेतजमिनीच्या मोजणीत वावरलेल्या माझ्यासारख्याचे लक्ष भू-अभिलेखांवरील निबंधांकडेच जाते.

अशा मेळाव्यांतून काय निष्पन्न होते, असे अनेकदा विचारले जाते. जमिनीवरील हक्क, हक्कदार आणि भूखंड यांची नोंद कोणत्याही देशाला एका समान आराखड्यात ठेवता यावी, ही कल्पना २००२ च्या वॉशिंग्टन महापरिषदेत मांडली गेली आणि २०१२ साली तिला आयएसओ १९१५२ या आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप मिळाले. एका सभागृहातील चर्चेला दहा वर्षांत आलेले हे फळ मला फार मोलाचे वाटते.

त्याहून महत्त्वाचा विचार जागतिक बँक व फिग यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत आहे. मोजणीची अचूकता प्रयोजनानुसार ठरवावी, हवाई छायाचित्रावर डोळ्यांना दिसणाऱ्या हद्दी गावकऱ्यांसमक्ष आखून आधी प्रत्येकाची नोंद पूर्ण करावी आणि गरज पडेल तेथे पुढे सुधारणा करावी, असा त्याचा आशय आहे. रवांडाने त्याआधीच याच पद्धतीने, स्थानिक तरुणांना प्रशिक्षण देऊन, काही वर्षांत १ कोटीहून अधिक भूखंडांची नोंद केली होती. सेंटिमीटरच्या हट्टापायी ज्यांची नोंदच होत नाही, त्यांच्यावर होणारा अन्याय या विचाराने ऐरणीवर आणला, हे मी मनापासून मान्य करतो.

आपल्याकडे २०२० साली सुरू झालेली स्वामित्व योजना याच वाटेने जाते. गावठाणात चुन्याने हद्दी आखल्या जातात, त्यावरून ड्रोन उडतो आणि अखेरीस घरमालकाच्या हाती मालमत्ता पत्रक येते. (पुरंदर तालुक्यातील सोनोरीत हा प्रयोग त्याआधीच झाला होता.) गावठाणात भिंत, कुंपण, ओटा दिसतो, म्हणून ही पद्धत तेथे चपखल बसते.

शेतात मात्र स्थिती वेगळी आहे. नांगराच्या तासागणिक बांध सरकतो, भावाभावांतील वाटणी केवळ तोंडी असते आणि पोटहिस्सा नकाशावर उतरलेलाच नसतो. अशा ठिकाणी छायाचित्रात दिसणारी रेषा ही आजच्या वहिवाटीची असते, हक्काची असेलच असे नाही. तेथे लगतच्या खातेदारांना नोटीस देऊन, त्यांच्यासमक्ष, मूळ अभिलेखाशी मेळ घालून मोजणी करण्याला आजही पर्याय नाही, असे माझे ठाम मत आहे. एकेका गुंठ्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या दावे चालणाऱ्या आपल्या प्रदेशातील हा अनुभव महाराष्ट्रातील भूकरमापकांनी स्वतः अशा महापरिषदेत निबंधरूपाने मांडावा, अशी माझी फार इच्छा आहे.