घाटाचा सराव आणि नडगीचे दुखणे : प्रगतीची नोंद

नडगीच्या आतल्या कडेवरील दुखरा पट्टा आता अंगठ्याच्या रुंदीएवढाच उरला आहे, आणि सपाट रस्त्यावर सलग अर्धा तास धावल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी तो दाबून पाहिला तरी वेदना वाढलेली आढळत नाही. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना हे दुखणे ऐन पावसाळ्यात गाठते. म्हणून ते कसे ओळखले गेले, कशाने कमी झाले आणि कशाचा विशेष उपयोग झाला नाही, हे येथे सविस्तर नोंदवत आहे.

या शर्यतीचा मार्ग यवतेश्वरचा घाट चढून जातो आणि त्याच रस्त्याने परत उतरतो. उन्हाळाभर माझा सराव सपाट रस्त्यावर होता. जूनमध्ये घाट सुरू झाला आणि त्याच सुमारास आठवड्याचे एकूण अंतरही वाढत गेले. आधी केवळ धावण्याच्या सुरुवातीला नडगी दुखत असे आणि अंग तापले की वेदना मावळत असे. पुढे धावणे संपल्यावरही ती रेंगाळू लागली आणि अखेरीस जिना उतरतानाही जाणवू लागली. घोट्याच्या वर, पोटरीचे मांस आणि हाड जेथे एकमेकांना भिडतात त्या आतल्या कडेवरून बोट फिरवले, तर दुखरा भाग मोजपट्टीने १२ सेंटिमीटर भरत होता.

ही लांबी महत्त्वाची आहे. आपण ज्याला सर्रास शिन स्प्लिंट म्हणतो, त्या दुखण्यात टिबियाच्या, म्हणजे नडगीच्या हाडाच्या, आतल्या कडेवर, बहुधा मधल्या आणि खालच्या तिसऱ्या भागात, सलग किमान ५ सेंटिमीटरचा पट्टा दाबल्यावर दुखतो. याउलट एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाने झाकता येईल एवढ्या जागी तीव्र वेदना होत असेल, ती रात्री किंवा विश्रांतीच्या वेळीही टिकत असेल आणि त्या एका पायावर उडी मारणे अशक्य होत असेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे वारंवारच्या ताणाने हाडाला पडलेल्या बारीक भेगेची, शंका घेऊन धावणे तत्काळ थांबवले पाहिजे. अशा वेळी पहिले काही आठवडे एक्स-रे पूर्णपणे स्वच्छ येऊ शकतो, म्हणून केवळ तेवढ्यावर निश्चिंत राहू नये; एमआरआयमध्ये हाडाची सूज त्याआधीच दिसते. नडगीच्या पुढच्या, म्हणजे हाताला सरळ लागणाऱ्या धारेवर एका बिंदूत दुखत असेल तर अधिकच सावध राहावे, कारण तेथील भेग सावकाश भरते आणि हाड पूर्ण मोडण्याचा धोकाही तेथे जास्त असतो.

तिसरी शक्यता स्नायूंच्या कप्प्यांची. नडगीभोवतीचे स्नायू घट्ट आवरणाच्या कप्प्यांत बांधलेले असतात. धावताना ते फुगतात आणि काहींच्या बाबतीत कप्प्यातील दाब इतका वाढतो की दर वेळी साधारण ठरावीक अंतरानंतर पाय आवळल्यासारखा होतो, पाऊल बधिर पडते आणि थांबल्यावर थोड्याच वेळात सारे निवळते. त्याचा उपचार वेगळा आहे. मार लागल्यानंतर पाय दगडासारखा कठीण होऊन वेदना झपाट्याने वाढू लागली, किंवा एकच पोटरी सुजून गरम झाली, तर मात्र घरगुती उपचार न करता त्याच वेळी रुग्णालय गाठावे.

माझ्या बाबतीत क्रीडा-फिजिओथेरपिस्टने पट्टा दाबून पाहिला, एका पायावर उड्या मारायला लावल्या, घोट्याची लवचिकता आणि पोटरीची ताकद तपासली, आणि एमआरआयची आवश्यकता नसल्याचे सांगितले.

आता कारणाविषयी, कारण येथेच आपल्यातील बहुतेक चर्चा अपुरी राहते असे मला वाटते. दीर्घकाळ असे मानले जात होते की पोटरीचे स्नायू हाडावरचे पातळ आवरण ओढतात आणि ते सुजते. आज या स्पष्टीकरणाच्या जोडीला, आणि माझ्या मते त्याहून अधिक पटण्याजोगे, हाडाच्या ताणाचे स्पष्टीकरण आहे. प्रत्येक पावलाला टिबिया किंचित वाकते आणि त्या वाकण्यातून सूक्ष्म इजा होते. शरीर तो भाग दुरुस्त करते, परंतु दुरुस्तीचा क्रम असा की आधी जुने हाड खरवडून काढले जाते, ज्याला सुमारे तीन आठवडे लागतात, आणि मग नवे हाड भरले जाते, ज्याला सुमारे तीन महिने लागतात. खोदलेला रस्ता बुजवण्याआधीच त्यावरून वाहतूक दुप्पट करावी, तशी अवस्था त्या मधल्या काळात होते. वापराप्रमाणे हाड आपली घडण बदलते हे जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ सालीच मांडले होते. आपल्यासाठी त्यातला कळीचा भाग असा की हा बदल फुप्फुसांच्या आणि स्नायूंच्या सुधारणेपेक्षा पुष्कळ सावकाश होतो. दम वाढला म्हणून अंतर वाढवावेसे वाटते तेव्हा हाड मागेच राहिलेले असते.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. टिबियावरील सर्वाधिक बल पाऊल जमिनीवर आदळते त्या क्षणी येत नाही; शरीर पावलावरून पुढे सरकताना पोटरी जोराने आकुंचन पावते, तेव्हा ते येते. पोटरीतील खोल स्नायू, सोलियस, धावताना शरीराच्या वजनाच्या ६ ते ८ पट बल पेलतो. म्हणूनच केवळ मऊ बुटांनी किंवा मातीच्या रस्त्याने हा प्रश्न सुटत नाही. २००५ साली गॉटशाल आणि क्रॅम यांनी प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत ९ अंशांच्या उतारावर जमिनीच्या धक्क्याचे शिखर सपाटीपेक्षा ५४ टक्क्यांनी जास्त आढळले, आणि घाट उतरताना आपल्याला तो धक्का स्पष्ट जाणवतोही; परंतु चढावर पोटरीचे काम वाढते आणि तो भार आवाज न करता हाडावर येतो. त्यामुळे घाटाचा हिशेब करताना चढ आणि उतार दोन्ही मोजले पाहिजेत.

उपचारांपैकी सर्वांत निर्णायक ठरले ते भाराचे नियोजन. नेदरलँड्समधील मोएन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ७४ खेळाडूंचे तीन गट केले होते : एकाला केवळ टप्प्याटप्प्याने वाढणारे धावणे, दुसऱ्याला त्यासोबत पोटरीचे व्यायाम, तिसऱ्याला त्यासोबत दाब देणारे मोजे. सलग १८ मिनिटे धावता येईपर्यंत तिन्ही गटांना साधारण सारखाच, म्हणजे सरासरी १०० दिवसांहून अधिक काळ लागला. हे वाचून निराश होण्याचे कारण नाही. काही आठवड्यांत बरे होण्याची अपेक्षा ठेवणारा धावक मध्येच अंतर वाढवतो आणि दुखणे पुन्हा मूळ पदावर आणतो. खरा कालावधी आधीच ठाऊक असला की संयम राखणे सोपे जाते.

माझा क्रम असा होता. जिना उतरताना वेदना होत होती तोपर्यंत धावणे पूर्ण बंद ठेवून सायकल आणि पोहणे चालू ठेवले, जेणेकरून दम टिकून राहावा. अर्धा तास वेगाने चालणे वेदनारहित झाल्यावर एक मिनिट धावणे आणि एक मिनिट चालणे, तेही एक दिवसाआड, सुरू केले. धावताना वेदना दहापैकी २ च्या वर जाऊ नये आणि दुसऱ्या सकाळी पट्टा दाबल्यावर ती आदल्या दिवसापेक्षा जास्त नसावी, हे दोन नियम ठरवले. दोन्ही पाळले गेले तरच पुढची पायरी, अन्यथा तीच पायरी पुन्हा. स्ट्रेस फ्रॅक्चर असेल तर मात्र हा २ चा नियम लागू होत नाही. तेथे किंचितही वेदना मान्य करू नये आणि प्रत्येक पायरी डॉक्टरांच्या सल्ल्याने चढावी.

वरील अभ्यासात व्यायामाने कालावधी घटला नाही, तरी पुढच्या हंगामाचा विचार करून मी पोटरीचे व्यायाम नेमाने केले. गुडघा सरळ ठेवून टाचा उचलल्या की वरच्या स्नायूवर भर येतो आणि गुडघा वाकवून उचलल्या की सोलियसवर. दुसरा प्रकार बहुतेक जण गाळतात. केवळ शरीराच्या वजनावर तो सोपा वाटू लागल्यावर पाठीवरच्या सॅकमध्ये तांदळाची पिशवी ठेवून एका पायावर करावा. बर्फाने तात्पुरता आराम मिळतो. वेदनाशामक गोळी घेऊन धावणे मात्र मी सर्वथा अयोग्य मानतो, कारण भार जास्त झाला हे सांगणारी एकमेव खूणच त्यामुळे झाकली जाते.

पावलांची गतीही बदलली. मिनिटाला १६२ पावले पडत होती, ती हळूहळू १७२ पर्यंत आणली. वेग तोच ठेवून पावले ५ ते १० टक्क्यांनी वाढवली की प्रत्येक पाऊल आखूड होते आणि पायावर येणारा भार कमी होतो. मात्र एकदम मोठा बदल केल्यास पोटरी दमते.

हाडांच्या पेशींविषयी उंदरांवर झालेल्या प्रयोगांतून एक उपयुक्त गोष्ट समोर आली आहे : सलग भार दिल्यास या पेशी लवकरच प्रतिसाद देईनाशा होतात आणि काही तासांच्या विश्रांतीनंतर पुन्हा संवेदनक्षम होतात. या आधारावर मी एक लांब धाव सकाळ-संध्याकाळ अशी विभागली. प्राण्यांवरील निष्कर्ष माणसाला तंतोतंत लागू होतीलच असे नाही, परंतु माझ्या नोंदींत अशा दिवसांनंतरची सकाळ अधिक चांगली दिसते.

आहाराकडे दुर्लक्ष करू नये. आपल्याकडे भरपूर ऊन असूनही ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते, तेव्हा दुखणे वारंवार उद्भवत असल्यास रक्त तपासून घ्यावे. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. वजन घटवण्यासाठी खाणे कमी करून धावणे वाढवणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी, कारण ऊर्जेची तूट हाडांच्या दुरुस्तीलाच प्रथम भोवते. धावणाऱ्या स्त्रियांमध्ये पाळी अनियमित होणे ही त्याची स्पष्ट सूचना आहे आणि ती सरावाचा नैसर्गिक परिणाम मानून सोडून देऊ नये.

यंदाच्या शर्यतीत मी उतरलो नाही. जानेवारीपासून घाट पुन्हा सुरू करणार आहे : आधी चढ चालत आणि उतारही चालत, नंतर चढावर थोडे धावणे, आणि उताराचे धावणे सर्वांत शेवटी. घाट वाढेल त्या आठवड्यात सपाटीवरचे अंतर तेवढेच कमी करीन, जेणेकरून दोन्ही एकाच वेळी वाढणार नाहीत. ज्यांनी आपला दुखरा पट्टा मोजून ठेवला असेल त्यांनी त्याची लांबी, जागा आणि त्या आठवड्याचा चढ मला अवश्य कळवावा. पुढच्या नोंदीत ते आकडे माझ्या आकड्यांशेजारी मांडता येतील.