सिरिंज पंपाची फाइल आणि अडकलेले चार महिने

पुण्यात आम्ही तिघांनी सिरिंज पंपाचा, म्हणजे सिरिंजचा दट्ट्या मोटरने हळूहळू ढकलून रुग्णाला मोजून औषध देणाऱ्या यंत्राचा, पहिला नमुना तीन आठवड्यांत उभा केला. मोटर फिरली, नळी दाबून धरली की अलार्मही वाजला. पुढचे चार महिने मात्र मंजुरीच्या फाइलमधल्या एका प्रश्नावर गेले.

आयईसी ६२३०४ या वैद्यकीय उपकरणांच्या सॉफ्टवेअरसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात सॉफ्टवेअरचे ए, बी, सी असे वर्ग आहेत. सॉफ्टवेअर बिघडणारच असं धरून चालायचं. त्यातून मृत्यू किंवा गंभीर इजा संभवत असेल तर वर्ग सी, किरकोळ इजा असेल तर बी. आम्ही मोटरचा भाग सी आणि पडदा-कळफलकाचा बी दाखवला. तपासणाऱ्या संस्थेचं अठरा दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: ‘सेग्रिगेशनचा पुरावा द्या.’ म्हणजे एका भागातला बिघाड दुसऱ्यात शिरत नाही हे दाखवा. दिला. वीस दिवसांनी: ‘पुरावा अपुरा.’ नेमकं काय कमी आहे? फोनवर सांगत नाहीत, ‘ईमेल करा’. ईमेल केला की पुन्हा वीस दिवस, पुन्हा एकेकच शंका. एका पत्रात सगळं विचारलं असतं तर आमचे दोन महिने वाचले असते. तो राग अजून आहे.

पण सेग्रिगेशनची शंका खरी होती. चौथं उत्तर लिहिताना मी रात्री पंप चालू ठेवून रुग्णाच्या नावाच्या रकान्यात मुद्दाम लांबलचक नाव टाकलं. बफर, म्हणजे नावासाठी मेमरीत राखलेली जागा, ओलांडला, शेजारचा वेगाचा आकडा बदलला, आणि ताशी ५ मिलीवर लावलेला दट्ट्या सरसर पुढे सरकला. ग्लासात पाणी पडत होतं. तिथे नॉरअ‍ॅड्रेनॅलिनसारखं रक्तदाब वाढवणारं जोरकस औषध असतं तर, या विचाराने हात गार पडले. दोन्ही भाग एकाच मायक्रोकंट्रोलरवर, एकाच मेमरीत होते. तो कोड पहिल्या नमुन्यातून जसाच्या तसा आलेला. नमुन्याचा कोड टाकून द्या, खरंच टाकून द्या.

मग पडद्याला वेगळा कंट्रोलर दिला, आणि मोटरचा वीजपुरवठा तोडणारं स्वतंत्र सर्किट बसवलं. ते काम नऊ दिवसांत झालं.

हो, फ्रीआरटीओएस या छोट्या कंट्रोलरवरच्या मोफत ऑपरेटिंग सिस्टमसारखं बाहेरचं जे काही सॉफ्टवेअर वापराल, त्याची आवृत्ती आणि माहीत असलेले दोष पहिल्या दिवसापासून नोंदवा. आम्हाला ते मागाहून शोधावं लागलं. आयएसओ १४९७१ या जोखीम व्यवस्थापनाच्या मानकाची जोखीम-फाइलही नमुन्यासोबतच सुरू करा. चाचणीपुरते नग बनवायला भारतीय वैद्यकीय उपकरण नियमांखालचा एमडी-१३ परवाना लागतो, त्याचा एमडी-१२ अर्ज लवकर टाका.

आणि प्रत्येक पत्राखाली ‘उरलेल्या सर्व शंका एकत्र कळवाव्यात’ असं लिहा. आम्ही पाचव्या पत्रात लिहिलं, तेव्हा सात शंका एकदम आल्या.