रापणीतला मासा कोणाचा? अमेरिकन फुटबॉलचे आकडे वाचताना

गोव्यात फुटबॉल म्हटलं की फातोर्डा आठवतं, म्हापशाचं धुळेर आठवतं. लंबगोल चेंडूचा अमेरिकन फुटबॉल पाहणारे आमच्याकडे मोजकेच, आणि वेळही अशी की पाहणं कठीण. रविवारच्या दुपारच्या मॅचेस आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होतात, नोव्हेंबरात तिथली घड्याळं मागे गेली की साडेअकराला. रात्रीची मॅच तर सोमवारी पहाटे सहाच्या सुमारास, पाव विकणाऱ्या पोदेराच्या भोंग्याच्या पोंपोंबरोबर. त्यामुळे बहुतेक जण मॅच पाहतच नाहीत, नुसते आकडे वाचतात. तेही क्रिकेटच्या सवयीने, आणि घोळ तिथेच होतो.

क्रिकेटमध्ये एकाने चेंडू टाकला, दुसऱ्याने खेळला. फलंदाजाची सरासरी बरीचशी त्याची स्वतःची असते. अमेरिकन फुटबॉलमधला पास म्हणजे रापण, किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचं मासेमारीचं जाळं. पाच लाइनमन समोरच्यांना अडवून धरतात, रिसीव्हर ठरलेल्या रेषेवर पळतो, दुसरा रिसीव्हर बचावपटूला भलतीकडे ओढून नेतो, आणि मग क्वार्टरबॅक चेंडू फेकतो. दोर सगळ्यांनी ओढला, पण मासे एकाच्याच टोपलीत मोजले जातात. म्हणून कुठलाही आकडा समोर आला की पहिला प्रश्न: यातला याचा वाटा किती?

सगळ्यात जुना आणि अजूनही टीव्हीवर दिसणारा आकडा म्हणजे पासर रेटिंग, क्वार्टरबॅकच्या पासना दिलेले गुण. एनएफएलने, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगने, तो १९७३ मध्ये स्वीकारला. हिशेब हाताने करता येतो. क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगचा २०१३ चा हंगाम घ्या: ६५९ पास फेकले, ४५० पूर्ण झाले, ५४७७ यार्ड, ५५ टचडाऊन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार पोचणं), १० इंटरसेप्शन (पास प्रतिस्पर्ध्यानेच झेलणं).

पूर्ण पासांचं प्रमाण ०.६८३. त्यातून ०.३ वजा करून ५ ने गुणा: १.९१४. दर पासमागे यार्ड ८.३११. त्यातून ३ वजा करून ०.२५ ने गुणा: १.३२८. दर पासमागे टचडाऊन गुणिले २०: १.६६९. शेवटी २.३७५ मधून दर पासमागच्या इंटरसेप्शनची २५ पट वजा करा: १.९९६. चारही संख्या ० आणि २.३७५ यांच्या मध्येच राहिल्या पाहिजेत, बाहेर गेली तर त्या टोकाला आणून ठेवायची. बेरीज ६.९०७, भागिले ६, गुणिले १००, उत्तर ११५.१. चारही भाग टोकाला पोचले तर १५८.३, त्याच्या वर रेटिंग जात नाही.

आता सूत्राच्या पोटात शिरू. यार्डांचा गुणक ०.२५, पूर्ण पासचा ५. म्हणजे पास नुसता पूर्ण झाला तरी २० यार्डांचं बक्षीस, मग तो कुठेही का पकडला जाईना. टचडाऊनला ८० यार्डांचं मोल, आणि एका इंटरसेप्शनला तब्बल १०० यार्डांचा दंड. शून्य यार्डांचा एकच पास पूर्ण करणाऱ्याचं रेटिंग ७९.२ येतं. सगळे पास जमिनीवर टाकले, पण एकही प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागला नाही, तरी ३९.६ मिळतात. आणि सॅक, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं, हिशेबात येतच नाही. चेंडू हातात धरून उभा राहणाऱ्याला ही मोठीच सवलत.

म्हणून हाताने मोजायचं असेल तर दुसरं सूत्र वापरावं, त्याला एएनवाय/ए, म्हणजे दर प्रयत्नामागचे सुधारित निव्वळ यार्ड, म्हणतात: पासचे यार्ड, अधिक टचडाऊन गुणिले २०, वजा इंटरसेप्शन गुणिले ४५, वजा सॅकमध्ये गेलेले यार्ड, आणि या सगळ्याला पास अधिक सॅक यांनी भागा. मॅनिंग त्या हंगामात १८ वेळा सॅक झाला, १२० यार्ड गेले. ६००७ भागिले ६७७, म्हणजे ८.८७. आता दुसरा क्वार्टरबॅक, डॅन मरिनोचं १९८४: ५६४ पास, ५०८४ यार्ड, ४८ टचडाऊन, १७ इंटरसेप्शन, १३ सॅकमध्ये १२० यार्ड. पासर रेटिंग १०८.९, मॅनिंगपेक्षा सहा गुणांनी कमी. एएनवाय/ए मात्र ८.९४, मॅनिंगच्या किंचित वर. खेळाडू तेच, हंगाम तेच. बदलली ती फक्त टचडाऊन, इंटरसेप्शन, पूर्ण पास आणि सॅक यांची किंमत. शिवाय १९८४ मध्ये सगळ्या लीगचीच पासिंग आजच्यापेक्षा कमी पडायची, त्यामुळे त्या त्या वर्षाच्या सरासरीशी तुलना केली तर मरिनो आणखी पुढे जातो. वेगवेगळ्या दशकांतले कच्चे आकडे शेजारी ठेवून वाद घालण्यात अर्थ नाही.

पण एएनवाय/ए लाही प्रसंग कळत नाही. डाऊन म्हणजे एक प्रयत्न, चार डाऊनमध्ये दहा यार्ड काढले की नवे चार मिळतात. तिसरा डाऊन आहे, १५ यार्ड हवेत आणि ८ मिळाले. यार्डांच्या वहीत ८ जमा झाले, संघाला मात्र चेंडू लाथाडून परत द्यावा लागणार. तिसऱ्या डाऊनला १ यार्ड हवा असताना २ मिळाले तर वहीत दोनच, पण चार नवे डाऊन हाती आले. यावर उपाय ईपीए, म्हणजे अपेक्षित गुणांतली भर. मैदानावरची जागा, डाऊन, हवे असलेले यार्ड आणि उरलेला वेळ पाहून तिथून सरासरी किती गुण मिळतात ते काढायचं. स्वतःच्या २५ यार्डांच्या रेषेवर पहिल्या डाऊनला ही अपेक्षा साधारण एक गुण, प्रतिस्पर्ध्याच्या २० वर साधारण चार. प्ले म्हणजे चेंडू खेळात आल्यापासून थांबेपर्यंतची एक चाल; प्लेनंतरची अपेक्षा वजा प्लेआधीची, तो ईपीए. कल्पना जुनी आहे: व्हर्जिल कार्टर आणि रॉबर्ट मॅकोल यांनी १९६९ च्या हंगामातल्या प्लेंवरून असा तक्ता मांडला आणि १९७१ मध्ये छापला. यातला कार्टर स्वतः एनएफएलचा क्वार्टरबॅक होता!

हा सगळा डेटा आज फुकट मिळतो. आर या संगणकभाषेतल्या एनएफएलफास्टआर या पॅकेजमध्ये १९९९ पासूनची प्रत्येक प्ले आहे, एका हंगामाच्या पन्नास हजारांच्या आसपास ओळी. पहिली चूक इथेच होते: फक्त फेकलेले पास गाळून घेतले की सॅक आणि पळून काढलेले यार्ड निसटतात. ड्रॉपबॅकचा, म्हणजे क्वार्टरबॅक पास फेकायच्या बेताने मागे सरला अशा प्रत्येक प्लेचा, कॉलम धरा. घड्याळ थांबवायला जमिनीवर आपटलेले पास आणि गुडघा टेकवलेल्या प्ले काढून टाका. जिंकण्याची शक्यता १० ते ९० टक्क्यांच्या मध्ये असतानाच्याच प्ले ठेवून एकदा वेगळं पाहा, कारण निकाल लागलेल्या मॅचमध्ये बचाव ढिला सोडलेला असतो. रिसीव्हरने पास पकडून नंतर चेंडू गमावला तर त्याचा भुर्दंड क्वार्टरबॅकवर पडू नये म्हणून क्वार्टरबॅकसाठीचा वेगळा ईपीए कॉलम आहे, तो वापरा. आणि तीन मॅचेसवरून निष्कर्ष काढू नका. एका मॅचमध्ये पस्तीसेक पास. दोनशे ड्रॉपबॅक होईपर्यंत क्रमवारी लावण्याची घाई नको.

धावणाऱ्यांबाबत थोडक्यात. २० वेळा चेंडू घेऊन १०० यार्ड म्हणजे सरासरी ५. ते २० वेळा पाच-पाच असू शकतात, किंवा १९ वेळा दोन-दोन आणि एकदा ६२. सरासरी तीच, पण दुसऱ्याने संघाला बहुतेक वेळा लांबच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या डाऊनमध्ये ढकललं. मध्यक काढा, फरक लगेच दिसेल.

बचावात आकडे उलटे बोलू लागतात. कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरला अडवणारा कडेचा बचावपटू, नामदी असोमुगाने २००६ मध्ये ८ इंटरसेप्शन घेतले. पुढच्या तीन हंगामांत दर वर्षी एकच. तो बिघडला नव्हता, क्वार्टरबॅक त्याच्या बाजूला चेंडू फेकेनासे झाले होते. म्हणून कॉर्नरबॅकचे इंटरसेप्शन मोजण्याआधी त्याच्याकडे किती वेळा पास फेकला गेला ते पाहायचं. सॅकचंही तसंच: ते खेळाडूच्या नावावर १९८२ पासून अधिकृतपणे मोजले जातात, पण क्वार्टरबॅक किती सेकंद चेंडू धरून बसला यावर बरंच अवलंबून.

लाइनमनच्या नावावर तर जवळजवळ काहीच जमा होत नाही, रापणीच्या दोराला सगळ्यात जास्त जोर लावणारे तेच असूनही. ईएसपीएन ही क्रीडावाहिनी एक प्रमाण काढते: अडीच सेकंद समोरच्याला रोखून धरलं का? खांद्याच्या पॅडमधल्या चिप सेकंदाला दहा वेळा जागा नोंदवतात, त्यावरून हे निघतं. पण शेजारच्या लाइनमनने हात दिला की एकट्याने झुंजला, हे त्या टक्क्यात दिसत नाही. प्रो फुटबॉल फोकस या विश्लेषण कंपनीचे लोक प्रत्येक प्ले पाहून उणे २ ते अधिक २ असे गुण देतात, त्यात हे येतं, पण मग पाहणाऱ्याची नजरही येते. लाइनमनसाठी मागून घेतलेला व्हिडिओ दोनदा पाहावा लागतो, आणि पहिल्या वेळी चेंडूकडे अजिबात बघायचं नाही, फक्त पायांकडे.